पुठ्ठा, खळ आणि दोरा

स्मरणिका समितीने "आपल्या ग्रंथालयाचा इतिहास लिहून द्या, तीन-चार पानं पुरेत" असं सांगितलं तेव्हा मी लगेच होकार दिला आणि घरी येऊन पंचाईत झाली. कारण तो इतिहास चार ओळींत संपतो. आपण राहायला आलो त्याच्या दुसऱ्या गणेशोत्सवात सात-आठ घरांनी पुस्तकं दिली. पंपरूमशेजारच्या खोलीत एक लोखंडी कपाट आलं. एकाची तीन कपाटं झाली. मग टीव्ही, मग मोबाइल, आणि आता महिन्यातून दोन-तीन घरं पुस्तक नेतात. संपला इतिहास.

मग किल्ली घेऊन तिसरं कपाट उघडून बसलो. जुन्या रहिवाशांना आठवत असेल, फाटकी पुस्तकं त्यात ठेवायची असं कधीतरी ठरलं होतं. पाठ निघालेली, पुठ्ठा लोंबणारी, चिकटपट्टी लावलेली, सुतळीने बांधलेली. एकेक हातात घेत गेलो तसं लक्षात आलं की सांगण्यासारखं जे काही आहे ते इथे आहे. पुस्तक कोणी, कशाने आणि किती घाईत दुरुस्त केलं हे त्याच्या अंगावर दिसतं. शर्टाला लावलेल्या ठिगळावरून घर कळतं ना, तसंच.

गेल्या वार्षिक सर्वसाधारण सभेत आलेला विषय लक्षात असेलच. कुरिअरची पार्सलं ठेवायला जागा नाही, वॉचमनच्या केबिनमध्ये ढीग लागतो, म्हणून ही खोली मोकळी करावी आणि निदान तिसरं कपाट रद्दीत द्यावं. रौप्यमहोत्सव होईपर्यंत निर्णय पुढे ढकलला आहे. पार्सलांची अडचण खरी आहे, माझीही दोन हरवली आहेत. पण रद्दीत नेमकं काय जाणार ते सगळ्यांना एकदा कळावं. आणि त्या कपाटातल्या काही पुस्तकांची जी दशा झाली तिला मी स्वतः जबाबदार आहे, तेही सांगायचं राहून गेलेलं आहे.

आधी पुठ्ठ्याचं पुस्तक असतं कसं ते सांगतो. छापखान्यात मोठ्या कागदावर एका वेळी सोळा पानं छापतात. तो कागद घडी घालून झाला की एक फर्मा तयार होतो. असे फर्मे एकावर एक ठेवून प्रत्येकाच्या घडीतून दोरा ओवत जायचा आणि एकाला दुसऱ्यात गुंतवायचा, ही जुजबंदी. मग पाठीला सरस किंवा डिंक, त्यावर जाळीचं कापड. पुठ्ठा मात्र वेगळा तयार होतो: दोन फळ्या, मधे पाठीची पट्टी, वरून कापड. शिवलेलं पुस्तक त्या पुठ्ठ्यात बसवून आतला कोरा कागद, म्हणजे अस्तर, फळीवर चिकटवतात. याचा अर्थ असा की अडीचशे-तीनशे पानांचं ओझं दोन्ही बाजूंना एक अस्तर आणि बोटभर जाळीचं कापड पेलत असतं. दाराची बिजागरी निखळावी तसं पुस्तक तिथेच निखळतं. कपाटातून काढताना पाठीच्या वरच्या टोकाला बोट घालून आपण ओढतो, तिथे पहिली चीर जाते. झेरॉक्स काढताना पालथं दाबलं की दुसरी.

आपल्याकडच्या पोथीला ही दुखणी नव्हती. पोथीला शिवणच नाही. सुटी पानं, वर-खाली लाकडी पाट्या, आणि सगळं कापडात गुंडाळलेलं. एक पान फाटलं तर तेवढंच बाहेर काढून नवं लिहून घालता येई. पुण्यातल्या पेशवे दप्तरातले मोडी कागदही असेच कापडी रुमालांत बांधून ठेवलेले आहेत आणि त्या गठ्ठ्याचं नावच रुमाल पडलं. कागद जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा, हाताने केलेला. शे-दीडशे वर्षांची शिळाप्रेसवरची पोथी आजही उघडली तर पानं मऊ लागतात. आणि साठ वर्षांपूर्वीची कादंबरी उघडली तर पानाचा कोपरा बिस्किटासारखा हातात येतो! याचं कारण पुढे सांगतो.

पुठ्ठ्यात बसवलेली, कापडी अंगाची पुस्तकं इंग्लंडात १८२० च्या दशकात सुरू झाली. त्याआधी प्रकाशक साध्या कागदी वेष्टनात पुस्तक विकायचे आणि गिऱ्हाईक आपापल्या ऐपतीप्रमाणे चामड्याची बांधणी करून घ्यायचं. विल्यम पिकरिंग या लंडनच्या प्रकाशकाने कापड वापरायला घेतलं आणि आर्चिबाल्ड लेटन या बांधणीवाल्याने त्या कापडाला खळ भरून असं केलं की चिकटवताना डिंक पलीकडे फुटू नये. गंमत म्हणजे हे कापड कॅलिको, म्हणजे नावानेच आपल्या कालिकतचं. सुती कापड इथून तिकडे गेलं आणि खळ पिऊन पुस्तकाच्या पाठीवर बसून परत आलं. तिकडच्या थंडीत ते छान टिकलं. इकडे पावसाळ्यात त्या खळीवर बुरशी धरली, झुरळांनी आणि कसरीने ताव मारला. आपल्या कपाटातल्या जुन्या कापडी पुस्तकांवर जे पांढरट नकाशे दिसतात ती झुरळांची जेवणं आहेत.

चामड्याची गोष्ट तर याहून आपल्या जवळची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमधल्या ग्रंथालयांतली चामड्याची बांधणी तांबडी भुकटी होऊन झडायला लागली. हात लावला की बोटं लाल. लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने १९०० साली एक समिती नेमली. तिने तपास केला तेव्हा दिव्यांच्या गॅसचा धूर, चामडं रंगवताना वापरलेलं गंधकाचं आम्ल अशी कारणं निघाली. आणि सगळ्यांत लवकर कुजणाऱ्यांत नाव निघालं ते हिंदुस्थानातून जाणाऱ्या, तरवडाच्या सालीने कमावलेल्या शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्याचं. आपल्या टेकडीवर सकाळी फिरायला जाता तेव्हा पिवळ्या फुलांचं जे झुडूप दिसतं, तोच तरवड. स्वस्त म्हणून लाखो कातडी तिकडे गेली आणि स्वस्ताईची किंमत पुस्तकांनी भरली.

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयं निघाली त्याच शतकात. आज पुणे नगर वाचन मंदिर म्हणून ओळखलं जाणारं ग्रंथालय १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं. एक पुस्तक एका घरात वीस वर्षं राहतं ते वेगळं, आणि पंधरा दिवसांनी घर बदलतं ते वेगळं. वाचनालयाबरोबर बाइंडरही आला. मी लहानपणी पाहिलेले बाइंडर मुख्यतः कोर्टाची रजिस्टरं आणि व्यापाऱ्यांच्या खतावण्या बांधत. जमिनीवर मांडी घालून बसायचं, पुढ्यात लाकडी शिकंजा, बाजूला दाभण, मेणातून ओढलेला दोरा, आणि डब्यात शिजवलेली खळ. खळीत मोरचूद घालत, कीड लागू नये म्हणून. तिचा तो निळसर रंग आणि आंबूस वास मला अजून आठवतो. वाचनालयाची पुस्तकं त्यांच्याकडे गठ्ठ्याने यायची आणि गठ्ठ्याच्याच भावाने व्हायची. त्यांना दोष देत नाही. ज्या दरात काम मागितलं जात होतं, त्या दरात पाठीचे फर्मे उसवून पुन्हा एकेक शिवणं परवडणारच नव्हतं. मग काय करायचं? पाठ सपाट कापायची, पानांच्या बाजूने आरपार भोकं पाडायची आणि टाके घालायचे. पुस्तक दगडासारखं पक्कं.

हा उपाय फक्त आपल्याकडचा नाही. इंग्लंडात बाथ गावच्या सेड्रिक चिव्हर्स यांनी वाचनालयांच्या पुस्तकांसाठी अशाच धर्तीची शिवण मोठ्या प्रमाणावर केली, आणि १९२० च्या सुमारास अमेरिकेत लॉस अँजेलिसच्या रीव्हिस यांनी त्याचं यंत्र काढलं. लाखो पुस्तकं त्यातून गेली. वाचनालयं खूश होती, कारण पुस्तक शंभर वाचकांच्या हातून गेलं तरी टाका सुटत नसे. पण आतला समास टाक्यांत जातो आणि पुस्तक पूर्ण उघडत नाही. वाचणारा ते बळेच उघडतो. कागद ताजा असेपर्यंत चालतं. कागद म्हातारा झाला की टाक्याच्या रेषेवरून पानं एकामागून एक मोडतात, तिकिटाची भोकं पाडलेली पट्टी तुटावी तशी. दोरा कागदाहून बळकट असला की मरतो तो कागद.

आणि कागद म्हातारा होणारच होता. १८०७ साली जर्मनीत इलिग यांनी तुरटी आणि राळ वापरून कागदाला शाई न फुटण्याची युक्ती काढली. १८४४ साली केलर यांनी लाकूड दगडावर घासून त्याचा लगदा करायची रीत शोधली. चिंध्यांपासून होणाऱ्या कागदाची टंचाई यामुळे संपली, पुस्तकं आणि वर्तमानपत्रं स्वस्त झाली, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरात पुस्तक आलं ते या दोन शोधांमुळे. पण तुरटीतून हळूहळू आम्ल तयार होतं आणि ते कागदाचे तंतू आतून तोडतं. लाकडाच्या लगद्यात उन्हाने पिवळी पडणारी द्रव्यंही राहतात. पोथीचं पान मऊ आणि कादंबरीचं पान बिस्किट, ते यामुळे. विल्यम बॅरो नावाच्या अमेरिकन माणसाने १९५० च्या दशकात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातली पाचशे पुस्तकं घेऊन पानं तुटेपर्यंत घड्या घालून पाहिल्या, आणि त्यातली बरीचशी पुढची पन्नास वर्षंही काढणार नाहीत असं जाहीर केलं. तेव्हा कुठे ग्रंथपालांचे डोळे उघडले. पण याच बॅरोंनी कमकुवत कागद प्लॅस्टिकसारख्या पातळ पडद्यात गरम दाबून बंद करायची पद्धतही रूढ केली. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातही अशीच एक पद्धत निघाली होती, यंत्राऐवजी अॅसिटोनने हाताने करायची. पुढे लक्षात आलं की आम्ल काढल्याशिवाय पडदा लावला तर आतला कागद आतच कुजत राहतो, आणि पडदा सोडवणं महाकठीण.

चिकटपट्टीचंही तसंच. ती १९३० साली अमेरिकेत रिचर्ड ड्र्यू यांनी काढली, मंदीच्या दिवसांत लोक फाटकं जोडून वापरायला लागले होते, आणि पुस्तकाची पानं हा तिचा पहिल्यापासूनचा बळी. दहा-पंधरा वर्षांनी पट्टी गळून पडते, चिकट द्रव्य कागदात मुरतं आणि तपकिरी डाग कायमचा राहतो. आपल्या तिसऱ्या कपाटात असे डाग मी मोजायला घेतले आणि सोडून दिलं. लावणाऱ्यांनी प्रेमानेच लावल्या होत्या.

आता थोडं घरचं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि आम्ही नारायण पेठेत राहत होतो. पाणी ओसरल्यावर घरी आलो तर गुडघाभर गाळ. वडिलांची पुस्तकं फडताळाच्या खालच्या तीन खणांत होती. आईचं लक्ष धान्याकडे, आजीचं देवाकडे, आणि वडील मात्र धोतर खोचून पुस्तकं एकेक करून बाहेर आणत होते. त्यांनी गाळ पुसायचा नाही असं आम्हा मुलांना बजावलं, आधी पाण्यात हलकेच खळखळवायचा. मग गच्चीवर दोऱ्या बांधून त्यावर पुस्तकं पालथी घातली. गुळगुळीत कागदाची, रंगीत चित्रांची पुस्तकं विटेसारखी झाली, पान पानाला जे चिकटलं ते सुटलंच नाही. पुठ्ठे फुगून आपोआप गळाले. आणि सगळ्यांत आधी सुकून, जवळजवळ धड निघाली ती आजीची शिळाप्रेसवरची पोथी. सुटी पानं, दोऱ्यावर वाळत घातली, झालं.

पाच वर्षांनी, ४ नोव्हेंबर १९६६ ला इटलीत फ्लॉरेन्सला आर्नो नदीचा असाच पूर आला. तिथलं राष्ट्रीय ग्रंथालय नदीकाठावर, तळघरात पाणी आणि तेलमिश्रित गाळ. दहा लाखांहून जास्त पुस्तकं आणि कागदपत्रं भिजली. देशोदेशीचे तरुण येऊन साखळी करून पुस्तकं बाहेर काढत होते, लोकांनी त्यांना चिखलातले देवदूत म्हटलं. तंबाखू वाळवायच्या भट्ट्यांमध्ये पुस्तकं वाळवली गेली. इंग्लंडातून पीटर वॉटर्स, ख्रिस्तोफर क्लार्कसन, अँथनी केन्स यांच्यासारखे बांधणीतले जाणकार गेले आणि काही जण वर्षानुवर्षं तिथे राबले. क्लार्कसन यांनी तिथे एक गोष्ट टिपली. शतकांपूर्वी साध्या लवचीक चर्मपत्रात, पाठीला सरस न थापता बांधलेली पुस्तकं पुरातून चांगली निघाली होती, आणि नंतरच्या काळात दिमाखदार करून घट्ट बांधलेली पुस्तकं जास्त बिघडली होती. हे मी कितीतरी वर्षांनी वाचलं आणि मला आजीची पोथी आठवली.

फ्लॉरेन्सपासून या कामातली विचार करायची तऱ्हा बदलली. त्याआधी दुरुस्ती म्हणजे पुस्तक नव्यासारखं करणं. त्यानंतर प्रश्न असा झाला, की मी जे आज करतोय ते उद्या कुणाला सोडवता येईल का? मूळचं किती ठेवलं? नवा कागद, नवा चिकटा हा जुन्या कागदापेक्षा कमजोर आहे ना, म्हणजे ताण आला तर आधी माझी दुरुस्ती तुटेल, पान नाही?

हे मला तेव्हा माहीत असायला हवं होतं. आपल्या सोसायटीला सात-आठ वर्षं झाली असतील. ग्रंथालयाचं काम माझ्याकडे होतं. पुस्तकं खिळखिळी झाली म्हणून मी कमिटीकडे पैसे मागितले, खजिनदारांनी कुरकुर करत मंजूर केले, आणि दोन रिक्षा भरून पुस्तकं मी पेठेतल्या एका बाइंडरकडे नेली. त्यांनी दोनदा विचारलं होतं. "साहेब, वरची वेष्टनं ठेवायची का?" मी म्हटलं, फाटलीत ती, काढून टाका. "कडा कातरू का?" कातरा की, सगळी एका मापाची दिसू देत. महिन्याभराने मरून रेक्झिनमधली, सोनेरी आकडे घातलेली पुस्तकं आली. कपाट कसं देखणं दिसलं! त्या वर्षीच्या अहवालात माझ्या अभिनंदनाचा ठराव आहे.

त्या वेष्टनांत दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांनी काढलेली मुखपृष्ठं होती. दलाल १९७१ मध्येच गेले. ती चित्रं त्या छपाईत पुन्हा कुठून मिळणार? ती माझ्या सांगण्यावरून रद्दीत गेली. पण खरी गोष्ट नंतर झाली. ए विंगमधल्या वहिनींनी (नाव घेऊ नका म्हणाल्या आहेत) त्यांच्या वडिलांची सार्थ ज्ञानेश्वरी ग्रंथालयाला दिली होती. वडील सातारकडे शाळामास्तर होते. वहिनी एकदा नातीला घेऊन आल्या, आजोबांचं अक्षर दाखवायला. वडिलांना समासात पेन्सिलीने लिहायची सवय होती. मी मरून पुस्तक काढून दिलं. बाहेरचा समास बोटभर कातरलेला, आणि आतला टाक्यांत गेलेला. प्रत्येक टिपणाची ओळ मध्येच संपत होती. वहिनींनी सात-आठ पानं उलटली. "शेवटची अक्षरं गेली की हो," एवढंच म्हणाल्या आणि पुस्तक मिटून माझ्या हातात दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवृत्तीनंतर मी हे काम शिकायला लागलो ते त्यामुळे. शिकलो म्हणजे काय, मी काही तज्ज्ञ नाही. दुर्मीळ हस्तलिखित असेल तर माझ्यासारख्याने हातही लावू नये. पण वाचनालयातल्या साध्या पुस्तकाला लागणारी बरीचशी दुरुस्ती स्वयंपाकघरातल्या ओट्यावर होते. बिजागरी नुसती ढिली झाली असेल तर विणायची सुई चिकट्यात बुडवून पाठ आणि अस्तर यांच्या फटीत गोल फिरवत घालायची, पुस्तक मिटायचं, बाहेरच्या खाचेत दोन्ही बाजूंनी सुया ठेवायच्या आणि वजनाखाली रात्रभर. पाठ सुटली असेल तर जुनी पाठ फेकायची नाही. तिच्या कडा हलकेच उचलून खालून नवं कापड सरकवायचं आणि जुनी पाठ वरून पुन्हा बसवायची, नाव-गाव तसंच राहतं. पुठ्ठा कापताना त्याची वीण बघायची. दोन्ही दिशांनी वाकवून पाहा, एका दिशेने तो सहज वाकतो. ती वीण पाठीला समांतर ठेवली नाही तर फळी पापडासारखी वळते. माझ्या पहिल्या तीन अशाच वळल्या, एक अजून घरात फुलदाणीखाली आहे.

पान जोडायला पांढरा डिंक नाही, कारण तो एकदा वाळला की पाण्याने सुटत नाही. खळच. आणि इथे आपल्या बायकांना जे येतं ते जगातल्या मोठ्या प्रयोगशाळांत करतात. ते लोक गव्हाचं शुद्ध सत्त्व वापरतात, चिकट ग्लूटेन काढून टाकलेलं. म्हणजे कुरडईचा चीक! फक्त गहू आंबू द्यायचा नाही, पाणी वरचेवर बदलायचं, आणि मीठ-हिंग घालायचा नाही (आमच्या घरी पहिल्या वेळी सवयीने हिंग पडला होता). एक वाटी चिकाला चार-पाच वाट्या पाणी, मंद आचेवर सतत ढवळायचं, पारदर्शक झालं की गार करून दोनदा गाळायचं. मोरचूद मी घालत नाही, ते विषारी आहे आणि तांब्याचे क्षार कागदाला पुढे त्रास देतात. लागेल तेवढीच खळ करायची, दोन दिवसांनी टाकून द्यायची. फाटलेल्या पानाची कड नीट पाहिली तर तिला बारीक लव असते. ती लव एकमेकींवर बसवून कणभर खळ लावली तर पुष्कळदा वरून कागद लावावाच लागत नाही. लावायचाच तर जपानी पातळ कागद, तोही कातरीने कापलेला नाही, ओल्या ब्रशने रेघ ओढून हाताने फाडलेला, म्हणजे त्यालाही लव येते.

आता तिसऱ्या कपाटाबद्दल स्पष्ट सांगतो, कारण सभेत मतं पडायची आहेत. त्यातलं सगळं वाचवावं असं मला वाटत नाही. जी कादंबरी आज नव्या आवृत्तीत दुकानात मिळते तिची फाटकी प्रत खुशाल द्यावी. जुन्या परीक्षांची मार्गदर्शकं, टेलिफोन डिरेक्टरी (दोन आहेत!) कालच द्यायला हव्या होत्या. काही पुस्तकांचा कागद इतका ठिसूळ झाला आहे की त्यांना शिवायला गेलं तर सुईच कापेल. त्यांना जुन्या सुती धोतराच्या फडक्यात, रुमालासारखं बांधून ठेवायचं, आणि वाचायची तर स्कॅन करून. आपल्या मरून पुस्तकांचंही आता काही करता येत नाही, कातरलेलं परत येत नाही. पण त्याशिवाय जी पुस्तकं उरतात त्यांच्या पहिल्या पानावर कुणीतरी काहीतरी लिहिलेलं आहे. कुणाला मुंजीत मिळालं, कुणाला शाळेत दुसरा नंबर आला म्हणून, एकावर नुसतंच "माहेरून". ही आपल्याच घरांतून आलेली आहेत आणि ती दुसरीकडे कुठे मिळणार नाहीत. त्यांना पाऊण कपाट पुरेल. उरलेल्या जागेत पार्सलांची मांडणी बसते, मी टेप लावून मोजली आहे, माप सेक्रेटरींकडे दिलं आहे.

दर रविवारी मी खोलीत टेबल मांडून बसतो हे काहींना माहीत आहे. सी विंगमधली दोन मुलं येतात, एकाला दाभण फार आवडतं, दुसऱ्याला खळ. गेल्या महिन्यात वहिनी आल्या. हातात फडक्यात बांधलेली तुकारामांची गाथा होती. वडिलांचीच, त्या वेळी दिली नव्हती, घरीच ठेवली होती. पाठ पूर्ण गेलेली, मधले तीन फर्मे सुटे. "कातरायचं नाही," म्हणाल्या. मी म्हटलं, नाही कातरणार.

फर्मे जुन्याच भोकांतून शिवले आहेत. नवीन कापडावर जुनी पाठ बसवली आहे. समास सगळे जिथल्या तिथे आहेत. एका पानावर पेन्सिलीत "इथे थांबलो, पाऊस" एवढंच आहे आणि खाली तारीख. सध्या ते कागदात गुंडाळलेल्या दोन विटांखाली आहे. येत्या रविवारी साडेनऊला विटा काढणार आहे. वहिनी नातीला घेऊन येते म्हणाल्या आहेत.